देवाचे डबे आणि मासळीचे डबे

मी कमी बोलते. शाळेत तीस वर्षं मुलांना ‘नेहमी खरं बोलावं’ हे शिकवताना मी तो धडा शक्य तितक्या थोडक्यात उरकला आणि लगेच पाढ्यांकडे वळले. मुलांना वाटायचं, बाईंना गणित आवडतं. गणित मला कधीच आवडलं नाही. कारण वेगळं होतं, आणि ते एका झिनियाच्या फुलात आणि वाटीभर पेजेत होतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना गेल्या महिन्यात सांगून टाकलं. आता बाकीच्यांपासून लपवण्यात अर्थ नाही.

लग्न होऊन मी डिचोलीला आले तेव्हा गोवा नुकताच राज्य झाला होता. माझं माहेर हद्दीपलीकडचं, सावंतवाडीच्या बाजूचं. सासरचं घर खाणीच्या रस्त्यालगत होतं. सकाळपासून खनिजाचे ट्रक जात आणि मागे तांबडी धूळ सोडत. सासरे खाणीच्या गॅरेजात फिटर होते. तिथले रिकामे ग्रीसचे डबे ते सायकलला लटकवून घरी आणत, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे मांय म्हणत, त्या डब्यांत झिनिया लावत. मी आले तेव्हा अंगणात बावीस डबे होते. लग्नाच्या बैठकीत हे कोणी सांगितलं नव्हतं.

मांयची पद्धत पक्की होती. डबा राखेने तीनदा घासायचा, ग्रीसचा वास गेला की बुडाला खिळ्याने पाच भोकं पाडायची. भोकांवर छपराच्या फुटक्या नळ्यांचे तुकडे, त्यावर भाटातली, म्हणजे बागायतीतली, माती, कुजलेलं शेण आणि पालापाचोळा. पाऊस सरला की बी पेरायचं. रोपाला पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. पहिल्यांदा त्यांनी मला खुडायला सांगितलं तेव्हा माझा हातच पुढे होईना. चांगलं सरळ वाढलेलं रोप, त्याची मान का मोडायची?

“खूड गे,” मांय म्हणाल्या. “एक शेंडो खुडलो की चार फुटतत. सुनेचा तसा नसता, म्हणान तुझो अजून खुडूक नाय.”

नव्या सुनेने यावर हसायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही. मी खुडलं.

झिनियाला पाणी मुळाशीच घालावं लागतं. पान भिजलं की त्यावर भुरी येते, पीठ उडाल्यासारखी पांढरी, आणि बघता बघता झाड खालून वाळत जातं. म्हणजे पानं धुवायची नाहीत. पण आमच्या पानांवर तर दिवसभर ट्रकची धूळ बसणार. यावर मांयचा उपाय साधा होता: पानं कोरड्या फडक्याने पुसायची. रोज. बावीस डब्यांतली. सासरी भांडी घासावी लागतील याची मनाची तयारी करून मी आले होते. पानं पुसावी लागतील हे आईनेही सांगितलं नव्हतं. धोतराच्या मऊ तुकड्याने मी एकेक पान वरून आणि खालून पुसायची, शेवटच्या डब्याशी पोचेपर्यंत पहिल्या डब्यावर पुन्हा तांबडी साय धरलेली असायची.

आता डब्यांची जात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुळशीच्या बाजूचे दहा डबे देवाचे. त्यांतली फुलं पूजेला, आणि त्यांना फक्त शेणखत. रस्त्याच्या बाजूचे बारा डबे घरचे. त्यांना बांगडे किंवा सुंगटं, म्हणजे कोळंबी, धुतलेलं पाणी मिळायचं. मासळीच्या पाण्याचं फूल देवाला चालत नाही, हा मांयचा नियम होता. त्यामुळे पाण्याच्या बालद्याही दोन होत्या आणि मी चुकून एकदा त्यांची अदलाबदल केली तेव्हा देवाचा एक डबा सहा महिने घरच्या रांगेत शिक्षा भोगत बसला होता.

झालं असं की घरच्या डब्यांतली फुलं बशीएवढी व्हायची आणि देवाच्या डब्यांतली आपली बेताची. बिनमासळीच्या जेवणाला आमच्याकडे शिवराक म्हणतात. सासरे अंगणात चहा पिताना म्हणायचे, “देव शिवराक जेवता. म्हणान तेची फुलां रोड.”

“तुमका काय ता?” मांय म्हणायच्या. “देव तक्रार करता?”

“करूक तोंड उघडूक होया मा.”

त्या हिवाळ्यात रस्त्याच्या बाजूच्या एका डब्यात एक वेगळंच फूल आलं. आतून गुलाबी निघणाऱ्या पेरूचा असतो तसा रंग, आणि पाकळ्यांचे थर इतके की मधला पिवळा डोळा दिसेना. मांय त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. मग आत गेल्या, पांढरा दोरा आणला आणि फुलाच्या देठाला सैलसर बांधला. दोरा म्हणजे हे फूल बियाण्याचं. ते झाडावरच वाळू द्यायचं, कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात दोरा बांधलेलं फूल म्हणजे कोर्टाचा मनाईहुकूम होता.

त्याच आठवड्यात मला नोकरीचा कागद आला. चोपड्याच्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका म्हणून. चोपडं पेडणे तालुक्यात, नदीच्या पलीकडे. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, तिथून फेरीबोट. पहाटे निघायचं, दिवेलागणीला परतायचं.

मला ती नोकरी किती हवी होती ते कोणालाच माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं. आज उदात्त कारण सांगता येईल, मुलांना शिकवायची ओढ वगैरे. खरं कारण असं की मला पानं पुसायचा कंटाळा आला होता. आणि घरात मला सगळे ‘गे’ म्हणत. शाळेत ‘बाई’ म्हणणार होते. तेवढ्यासाठी मी पुढचं सगळं केलं.

नवरा म्हणाला, “आईला विचार.” सासऱ्यांनी राजकारण काढलं. “आता कोंकणी राजभाषा जाली. मराठी शाळा फाल्यां उरतली काय नाय कोण जाणा. फेरीबोटीत चढान पलतडी पावतलय आणि शाळेक कुलूप.”

मांय त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, “देवाक विचारूया. कौल लावूया.”

ज्यांनी कौल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवळात पुजारी फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या अंगावर चिकटवतो, काही उजव्या बाजूला, काही डाव्या. मग आपला प्रश्न देवापुढे मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्न, जमीन, विहीर, घर, सगळं असंच ठरायचं. उत्तर आलं की त्यावर अपील नाही.

“फुलां आमचीच नेऊया,” मांय म्हणाल्या. “प्रश्न आमचो, फुलां आमची. देवाच्या डब्यांतली. पाकळ्यो तू काढ.”

सकाळी त्या आंघोळीला गेल्या आणि मी डब्यांपाशी उभी राहिले. माझं डोकं त्या दिवशी जसं चाललं तसं डी.एड.च्या परीक्षेतही कधी चाललं नव्हतं. नकाराच्या पाकळ्या पडू नयेत, तर त्यांना चिकट काहीतरी हवं. चुलीवर पेज होती. होकाराच्या पाकळ्या लवकर पडाव्यात, तर त्या जड हव्यात. देवाच्या डब्यांतल्या फुलांत जड पाकळी एक नव्हती. मी रस्त्याच्या बाजूला बघितलं.

झिनियाची पाकळी ओढली की तिच्या बुडाला बी चिकटून येतं. कच्चं, हिरवट. म्हणून ती जड. ते मला माहीत होतं आणि तरी मी दोरा सोडवला, चुलीत टाकला, ते गुलाबी फूल पाकळी पाकळी करून सोललं आणि उरलेला बोडका गोंडा खतात खुपसला. देवाच्या डब्यांतल्या बारीक तांबड्या पाकळ्या घेतल्या, त्यांची बुडं पेजेत बुडवली. केळीच्या पानावर उजवीकडे गुलाबी, डावीकडे तांबड्या अशा दोन ढिगांत मांडल्या आणि वर दुसरं पान झाकलं.

देवळात पुजाऱ्याने पान उघडलं. “ही खंयची फुलां? विलायती दिसतत.”

“घरची,” मांय म्हणाल्या. “फकत शेणखतावर वाढवलेली. मासळीच्या पाण्याचो थेंब लागूक नाय.”

मी खांबाकडे बघत होते. देवाच्या डब्यांतही फिकट गुलाबी फुलं यायची, त्यामुळे देवळाच्या अंधारात सुट्या पाकळ्यांवरून मांयना फरक कळला नाही.

पुजारी खूश झाला. “दोन बाजूंक दोन रंग. बरां केलां. लांबसून कळतलां.” सासऱ्यांची नजर अधू झाली होती, त्यांनीही मान हलवली. पुजाऱ्याने पान आपल्यासमोर ठेवलं, मी मांडलं होतं तसंच. उजव्या हाताकडच्या गुलाबी पाकळ्या उचलल्या, ओल्या केल्या आणि समोर आपल्या उजव्या हाताच्या बाजूला देवावर चिकटवल्या. तांबड्या डाव्या बाजूला. मग तो बाजूला सरकला, तांबड्या पाकळ्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, “हो देवाचो उजवो.”

तेव्हा मला कळलं. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. आपला उजवा तो त्याचा डावा. मी डी.एड. झालेली बाई, पुढच्या आठवड्यात मुलांना डावं-उजवं शिकवायला निघालेली. पेज लावलेल्या पाकळ्या होकाराच्या बाजूला चिकटल्या होत्या. जड पाकळ्या नकाराच्या बाजूला पडायच्या तयारीत होत्या. मी स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी घालवली होती, आणि त्यासाठी देवाला फसवायचं पापही केलं होतं. दोन्हीकडून गेले.

पुजाऱ्याने गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत...”

“व्हय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मांयनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या घरात माझा एवढा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“ह्या घराची सून नदीपलतडी नोकरेक वचूक सोदता. तां बरां जातलां जाल्यार उजवी दी...”

“व्हय म्हाराजा.”

मग वाट बघणं. ऊन देवळाच्या पायरीवरून आत सरकलं. सासऱ्यांचं पोट वाजलं ते सगळ्यांनी ऐकलं. गुलाबी पाकळ्यांवरून मी नजर हलवली नाही. एकीची कड सुटल्यासारखी वाटली. ती परत चिकटली.

“देव विचार करता,” पुजारी म्हणाला.

“जेवान करूंदे,” सासरे पुटपुटले. “आमका तरी जेवूंदे.”

“गप रवा,” मांय.

आणि एक पाकळी पडली. तांबडी.

पुजाऱ्याने ती उचलून मांयच्या ओंजळीत दिली. “उजवी. होकार आसा.” सगळ्यांनी हात जोडले. मला हात जोडायचं भान राहिलं नाही. पेज लावलेली पाकळी पडली होती आणि जड पाकळ्या जागच्या हलल्या नव्हत्या. मी सगळं उलटं करून ठेवलं होतं, ते देवाने परत सुलटं केलं, असं मला वाटलं. मला बक्षीस मिळालं की ताकीद, तेवढं समजेना.

मांयनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “देवान सांगल्यान. आता मी काय बोलूचय नाय.”

आणि त्या खरंच बोलल्या नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही. पहाटे माझ्याआधी उठून त्या माझा जेवणाचा डबा भरायच्या. माझी मुलगी त्यांनीच वाढवली. पुढे सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळले. मी रजा घेते म्हणाले तर मांय म्हणाल्या, “देवान सांगल्यान मा? मग जा.” आणि मी जात राहिले. फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभी राहायची तेव्हा मला पाणी दिसायचं नाही, एकटीने त्यांना कुशीवर वळवणाऱ्या मांय दिसायच्या. देवाने सांगितलं होतं म्हणून त्या चालवून घेत होत्या. आणि देवाला मी पेज लावली होती. शाळेत मुलं ‘बाई, बाई’ करत भोवती जमायची. ज्या हाकेसाठी एवढं केलं ती ऐकताना दरवेळी कुठेतरी टोचायचं.

त्या गुलाबी फुलाचंही एक प्रकरण झालं. देवळातून परत आल्यावर मांय कोरडं फडकं घेऊन डब्यांकडे गेल्या आणि थांबल्या. देठ होता, फूल नव्हतं. त्यांनी डब्याखाली वाकून पाहिलं, आजूबाजूची माती चाळली. डब्याच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग चालली होती.

“मुंग्यो,” मांय म्हणाल्या. “फुलासकट व्हेलो दोरो.”

मुंग्या दोरा नेतात का, हा प्रश्न सासऱ्यांनी विचारला. मी भात वाढायला आत गेले.

तेव्हापासून आमच्या घरात मुंग्यांविरुद्ध युद्ध सुरू झालं. डब्यांभोवती राखेच्या रेघा, हळदीच्या रेघा, एकदा रॉकेलची रेघ, जिच्यामुळे तीन रोपं मेली. दर हिवाळ्यात कळ्या उघडल्या की मांय गुलाबीची वाट बघायच्या. तांबडी यायची, शेंदरी यायची, पांढरी यायची, फिकट गुलाबीही यायची, पण तो रंग परत आला नाही. त्या मुंग्यांना अशा शिव्या द्यायच्या की रस्त्याने जाणारा ट्रकचा क्लीनरही मान वळवून बघायचा. मी हे सगळं ऐकायची आणि पानं पुसायची. रविवारी का होईना, पानं मीच पुसायची. तेवढंच प्रायश्चित्त.

वर्षं गेली. खाणी बंद पडल्या, धूळ गेली. ग्रीसचे डबे गंजले, त्यांच्या जागी रंगाच्या प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. पानं आपोआप हिरवी राहू लागली आणि मांयनी त्याचीही तक्रार केली, म्हणे धूळ होती तेव्हा भुरी कमी यायची. आता त्यांचे गुडघे गेलेत. जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, खुर्ची टाकून त्या आतूनच मला हुकूम देतात, वाळलेलं फूल कुठलं तोडायचं, कुठल्या बादलीत पाणी जास्त झालं. तुळशीच्या बाजूची रांग अजून देवाची आहे. रस्त्याच्या बाजूची अजून बांगड्यांची.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली. ती जायचं म्हणत होती, तिचे वडील नको म्हणत होते. मांयनी जनेलातून बाहेर बघत निकाल दिला. “देवाक विचारूया. कौल लावूया. फुलां आता बरी फुलल्यांत.” मग माझ्याकडे वळल्या. “पाकळ्यो तू काढ. तुझ्या हाताक देव पावता.”

मी विळी खाली ठेवली.

“मांय, माझ्या हाताला देव पावत नाही. त्या वेळी मी पाकळ्यांना पेज लावली होती.”

“खंयच्या वेळार?”

“माझ्या नोकरीच्या कौलाला.”

त्यांनी चहाची बशी बाजूला सारली. मी सगळं सांगितलं. डावं-उजवं, तांबडं-गुलाबी, पुजाऱ्याने पान कसं ठेवलं, सासऱ्यांचं आजारपण, फेरीबोट. त्या घरात मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि आईला काय झालं म्हणून बघत राहिली.

मांय बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पेज कसली? सुरय तांदळाची काय उकड्या तांदळाची?”

“उकड्याच. आपल्याकडे दुसरी कधी होती?”

“दाट काय वयली निवळ?”

“निवळ.”

“उकड्याची निवळ खंय चिकटता गे?” मांय म्हणाल्या. “तिणें पाकीट बंद जायना, पाकळी कशी रवतली? इतकी वर्सां ह्या घरात रांदतस, इतक्या कळूक नाय तुका?”

तीस वर्षं उरावर वागवलेलं पाप त्यांनी एका वाक्यात काढून टाकलं. पाप जमलंच नव्हतं. मला हलकं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अपमानही झाल्यासारखा वाटला.

“पण मामंजींच्या आजारपणात...” मी म्हणाले.

“ते माझे घोव. मी करूचा नाय तर कोणी करूचा? देवान नाय म्हटला असता तरी तुका घराकडे बसवन काय ते बरे जातले? उलट तू घरात बसान माझ्यार डोळे वटारतलय. पानां पुसताना बघलंय मा तुझा तोंड.”

मग त्यांचा आवाज बदलला. “मोठ्यो पाकळ्यो खंयच्यो म्हणलंस?”

मी विळी उचलून पुन्हा खाली ठेवली.

“गुलाबी?”

“होय.”

“रस्त्याकडच्या डब्यातल्यो. मासळीच्या.”

“होय.”

“दोरो बांधलेल्यो.”

“होय, मांय.”

देवाला फसवलं म्हणून सांगितलं तेव्हा त्या जेवढ्या गप्प राहिल्या त्याच्या दुप्पट आता राहिल्या. मुलगी दारातून आत सरकली. शेवटी मांयच्या खांद्यांत काहीतरी हललं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

“म्हणान सोडूक नाय,” त्या म्हणाल्या. “शिवराक खावन खावन कंटाळलेलो. बांगड्याचो वास इलो तसो धरूनच रवलो, आणि तांबडी टाकून दिल्यान. ह्यांनी म्हटलेला ता खरा.”

हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसू थांबलं. “पण बी गेला मगे. कच्चा बी सगळा देवाच्या अंगार गेला. तसो रंग परत इलो नाय.”

“माफ करा, मांय.”

“माझी कित्याक? आणि देवाची पण नाका, तो आपला जेवलो.” त्यांनी जनेलातून अंगणाकडे बोट दाखवलं. “तेंची माग. तीस वर्सां मी तेंका गाळी घातल्यो, रॉकेल घातलंय. गरीब बिचाऱ्यो मुंग्यो.”

“आणि माझा कौल?” मुलीने विचारलं.

“कौल नाका. तू जा,” मांय म्हणाल्या. “तुका पेज करूक सुद्धा येना, तू देवाक काय फसवतलंय?”

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर साखर घेतली आणि अंगणात गेले. रस्त्याच्या बाजूच्या रांगेत, कडेच्या बादलीशी, काळी रांग नेहमीसारखी चालली होती. मी वाकले. इतक्या वर्षांनी नेमकं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून नुसतीच बादलीत साखर टाकायला हात पुढे केला.

“बादलेत नाका गे,” जनेलातून आवाज आला. “मुळांक लागतल्यो. बादलेभायर घाल.”

मी बाहेर घातली.